कुठली पानं, कुठला टाका?

सुया खाली ठेवा. सगळ्यांनी. ओळ अर्धी राहिली तर राहू दे. मोबाइल पालथे घाला आणि इकडे बघा. आज नवीन वीण नाही. आज मी बोलणार आहे, तुम्ही ऐकणार आहात, आणि मध्येच कोणी ‘पण बाई’ म्हणायचं नाही.

परवा संध्याकाळी मला पाठोपाठ दोन फोटो आले. पहिला मफलरचा. खाली लिहिलं होतं, ‘बाई, काहीतरी चुकतंय, काय ते कळत नाही.’ दुसरा मोगऱ्याचा. ‘बाई, पानं पिवळी पडताहेत, काय घालू?’ दोघींनाही मी उत्तर दिलं नाही. फोन बिघडलेला नव्हता, राग आला होता. कोणी पाठवले ते सांगत नाही. दोघी पुढच्याच रांगेत आहेत आणि आत्ता एकमेकींकडे बघताहेत. बाकीच्यांनी हसायचं कारण नाही. असे फोटो तुम्ही सगळेच पाठवता, या आठवड्यात यांचा नंबर लागला इतकंच.

आधी मफलर. चाळीस टाक्यांनी सुरू केलेला, वीतभर वर जाईपर्यंत दीडपट रुंद झालेला. यात काय चुकलं हे सांगायला बाई कशाला हव्यात? टाके मोजले असते तरी पुरलं असतं. टाके आपोआप वाढत नाहीत. ओळ संपवून तुम्ही काम फिरवता तेव्हा धागा पुढे लोंबत असतो. तो सुईच्या खालून मागे न्यायचा. तुम्ही तो सुईवरून मागे खेचता. खेचला की पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय सुईवर चढून बसतात आणि एकाच्या जागी दोन टाके दिसायला लागतात. तुम्ही दोन्ही विणता आणि पुढे जाता. हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं, वहीतही लिहून घेतलं होतं. वही घरी असेल, सुई तर हातात होती ना? ओळ सुरू करताना एक टाका आहे की दोन, हे डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळतं.

तुम्हाला विणता येतं, वीण वाचता येत नाही. माझी तक्रार एवढीच आहे. सुलट टाका समोरून बघितला तर बाणाच्या टोकासारखा दिसतो, टोक खाली. उलट टाका आडवा उठून दिसतो. जगातली यच्चयावत वीण या दोन खुणांतून होते, तिसरी खूण नाही. जाळी असो, वेणी असो, दोन सुलट दोन उलट असं विणलेला मनगटाचा काठ असो. या दोन खुणा ओळखल्या की कुठल्या ओळीवर होतात हे कागद सांगत नाही, कापड सांगतं. तुम्ही मात्र मोबाइलवरचा व्हिडिओ थांबवता, पुन्हा सुरू करता, पुन्हा थांबवता, आणि मग मला विचारता, ‘बाई, मी सुलट ओळीवर आहे की उलट?’ काम हातात तुमच्या, आणि उत्तर मी द्यायचं!

मागच्या महिन्यात एकीने स्वेटरच्या दोन बाह्या आणल्या. एक दुसरीपेक्षा बोटभर लांब. ‘टेपने मोजल्या होत्या हो,’ म्हणाल्या. एक मोजली टेबलावर पसरून, दुसरी हातात उभी धरून. उभी धरलेली बाही स्वतःच्या वजनाने ताणली जाते, म्हणून ती अपुरी असतानाच पुरेशी वाटली. लोकरीचं विणलेलं कापड ताणलं जातं, टेप ताणली जात नाही. म्हणून बाहीच्या ओळी मोजायच्या असतात. एका उभ्या रांगेतली बाणांची टोकं मोजली की तेवढ्या ओळी. दोन्ही बाजूंनी सुलटच विणलं असेल तर उठून दिसणारी प्रत्येक आडवी रेघ म्हणजे दोन ओळी. यात अवघड काय आहे? पण मोजायचं तर कामाकडे बघावं लागतं, आणि बघायला तुम्हाला वेळ नाही, कारण तुम्हाला ‘पूर्ण करायचंय’.

आता पानांकडे येते. पिवळी पडताहेत म्हणे. कुठली पानं? वरची, कोवळी, की खालची, जुनी? सगळं पान पिवळं की शिरा हिरव्या आणि मधलाच भाग पिवळा? पानामागे बारीक ठिपके आहेत का, जाळं आहे का? माती ओली की कोरडी? फोटोत एक पान होतं, तेही हलवून काढलेलं, आणि मागे गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल.

ऐका, कारण यापुढे मी हे फोनवर सांगणार नाही. थंडीत खालची जुनी पानं पिवळी होऊन गळत असतील तर काही करायचं नाही. मोगरा या दिवसांत स्वतःहूनच आवरतं घेतो, घेऊ द्या त्याला. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर त्याला लोह मिळत नाहीये. बहुतेक वेळा लोह मातीत असतंच. बोअरच्या, टँकरच्या जड पाण्याने माती क्षारयुक्त झाली की मुळांना ते उचलता येत नाही. सगळं झाड मरगळलेलं, माती ओली आणि तिला कुबट वास, तर तुम्ही त्याला बुडवताय. उन्हाळ्यात पानांवर फिके ठिपके आणि मागे बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी. पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा फवारा जोरात मारायचा, रोज. ही चार दुखणी आणि चार वेगळे उपाय. आणि तुम्ही विचारता, ‘काय घालू?’ घालायचं आधी ठरलेलं, काय बिघडलंय ते नंतर!

आणि घालता तरी काय काय! अंड्याची टरफलं, चहाचा चोथा, केळ्याची सालं, तांदूळ धुतलेलं पाणी, कोणी तरी ताकसुद्धा. कुंडी आहे की उकिरडा? चोथा दुधासाखरेसकट गेला की मुंग्या येतात, मग मुंग्यांसाठी हळद, हळदीवर आणखी काही. त्या झाडाला वर्षातून एकदा मूठ-दोन मूठ जुनं शेणखत, थोडी निंबोळी पेंड आणि भरपूर ऊन हवं असतं. त्यातलं ऊन तुम्ही देत नाही, बाकी सगळं देता.

ही रोपं बाजारातून आणलेली नाहीत, हे विसरू नका. उन्हाळ्यात माझ्या गच्चीवर मोगरा फुलला की क्लास सुटताना तुम्ही ओंजळी भरभरून कळ्या न्यायच्या. ‘बाई, आम्हालाही हवाय’ म्हणालात. माझा बटमोगरा, भरगच्च पाकळ्यांचा. त्याला बी धरत नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून पावसाळ्यात त्याच्या खालच्या फांद्या वाकवून, साल थोडी खरवडून, मातीत दाबून, वर दगड ठेवून मी एकेक दाब कलम केलं. मुळं फुटेपर्यंत वाट पाहिली, मग आईपासून तोडलं आणि पिशवीत घालून तुमच्या हातात दिलं. फिलिपिन्सने हेच फूल १९३४ मध्ये आपलं राष्ट्रीय फूल ठरवलं. तुमच्यापैकी एकीने ते पायपुसण्यामागे ठेवलं आहे. मी डोळ्यांनी बघून आले.

उन्हाचं बोलते, कारण इथेच तुमच्यातल्या निम्म्यांचा मोगरा अडलाय. तुम्ही म्हणता, ‘बाई, आमची गॅलरी दक्षिणेला आहे, ऊन मस्त येतं.’ कधी येतं? डिसेंबरात. तेव्हा पुण्यात सूर्य भर दुपारीही दक्षिणेकडे बराच कललेला असतो, म्हणून ऊन गॅलरीतून थेट हॉलमधल्या सोफ्यापर्यंत जातं. त्या उन्हाकडे बघून तुम्ही कुंडीची जागा ठरवलीत. पण मोगरा डिसेंबरात फुलत नाही, एप्रिल-मेमध्ये फुलतो. मेच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावलीसुद्धा पडत नाही. आणि तुमच्या डोक्यावर काय आहे? वरच्या मजल्याच्या गॅलरीची स्लॅब. ज्या दिवसांत त्याला सहा तास ऊन हवं, नेमक्या त्या दिवसांत त्याला शून्य मिळतं. पानं हिरवीगार, फूल एक नाही, आणि दोष माझ्या कलमाला. पूर्वेचा कठडा, पश्चिमेचा कठडा, सोसायटीची गच्ची, जिथे उन्हाळ्यात ऊन पडतं तिथे कुंडी न्या. सोसायटीचे सेक्रेटरी नाही म्हणाले तर त्यांना उन्हाळ्यात कळ्या द्या, हो म्हणतील. न्यायची कुठे, हे ठरवायला मात्र मे महिन्यात एक दिवस तासातासाने गॅलरीत जाऊन उभं राहावं लागेल.

पाण्याचंही तेच. ‘मी रोज सकाळी सातला अर्धा तांब्या घालते.’ जानेवारीतही अर्धा, मेमध्येही अर्धा, पावसात कुंडी भरून वाहत असतानाही अर्धा. शिस्तीचं कौतुक आहे, पण झाडाला तुमचा सातचा गजर ऐकू येत नाही. बोट मातीत घालायचं, दोन पेरं. खाली ओल लागली तर तांब्या परत आत. नखात माती जाते म्हणून बोट घालत नाही असं ज्यांनी सांगितलं, त्यांनी मोगरा परत आणून द्यावा. मी बोलते आहे ते खरंच, चेष्टा नाही.

आता सुईच्या नंबरांचा विषय, कारण त्याच्यावरून मागच्या बाकावर अजून कुजबुज चालू आहे. अमेरिकन डिझाइन उतरवून घेतलं, त्यात आठ नंबरची सुई लिहिली होती, तुम्ही तुळशीबागेतून आठ नंबरची आणलीत आणि छातीचा भाग इतका घट्ट झाला की घालता येईना. अहो, अमेरिकेची आठ नंबरची सुई पाच मिलिमीटरची. आपल्या दुकानांत ब्रिटिश पद्धतीचे नंबर चालतात, आणि त्यात आठ म्हणजे चार मिलिमीटर. शिवाय ब्रिटिश नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकन नंबर वाढला की जाड. म्हणून सुईवरचा नंबर बघायचा नाही, मिलिमीटर बघायचे. आणि मिलिमीटर बघूनही भागत नाही, कारण हात प्रत्येकाचा वेगळा. एकीचा आवळ, एकीचा ढिला.

त्यासाठी नमुना विणायचा असतो. दहा सेंटिमीटरचा चौकोन. तो धुवायचा, वाळवायचा आणि मग मोजायचा. मी तो मागते तेव्हा तुमचे चेहरे असे होतात की जणू मी दंड वसूल करते आहे. हिशोब करून दाखवते, वहीत घ्या. तुमच्या कागदात दहा सेंटिमीटरला बावीस टाके आहेत. छाती ९६ सेंटिमीटर, म्हणजे २११ टाके. तुमचा हात ढिला, दहा सेंटिमीटरला वीसच टाके बसतात. तेच २११ टाके आता किती जागा घेतील? १०५ सेंटिमीटरपेक्षा जास्त. दोन टाक्यांचा फरक, आणि स्वेटर तुमच्या मिस्टरांचा होण्याऐवजी त्यांच्या मोठ्या भावाचा होतो. हा फरक एका चौकोनात दिसतो, एका संध्याकाळच्या कामात. तुम्ही तो महिनाभराचं विणकाम झाल्यावर बघता, आणि तोही अंगात घालून.

एलिझाबेथ झिमरमन नावाची बाई होती. जन्म इंग्लंडमधला, १९१० चा. पुढे अमेरिकेत स्थायिक झाली. ‘निटिंग विदाउट टिअर्स’ हे तिचं पुस्तक १९७१ मध्ये आलं. तिच्या पद्धतीत सगळ्या स्वेटरची मुळाक्षरं एकाच आकड्यात असतात. नमुन्यातून इंचाला किती टाके ते काढायचं, त्याला छातीच्या घेराने गुणायचं. मनगट त्या आकड्याच्या साधारण पाचवा हिस्सा, दंड साधारण तिसरा. मग कोणाचा छापील कागद लागत नाही. पण त्या एका आकड्यासाठी नमुना विणून मोजायलाच लागतो. तो तिनेही टाळला नाही. तुम्ही कोण लागून गेलात?

इथे मला त्या गृहस्थांबद्दल एक शब्द बोलायचा आहे. या वर्गात एकच पुरुष आहे, बँकेतून निवृत्त झालेले. ते पहिल्यांदा आले तेव्हा तुमच्यातल्या काहींनी पदराआड हसून घेतलं. मला दिसलं होतं. युरोपात मध्ययुगाच्या अखेरीस सुयांवर विणणाऱ्यांचे संघ निघाले ते पुरुषांचेच होते, उमेदवारी करून, परीक्षा देऊन त्यात प्रवेश मिळे. तेव्हा हसायचं असेल तर इतिहास वाचून हसा. नमुना धुऊन, वाळवून, वर लोकरीचा लॉट नंबर लिहून आणणारे या खोलीत तेच एक आहेत. तोंडभर कौतुक करत नाही, कारण मोगऱ्याच्या बाबतीत त्यांचंही बरं नाही. त्यांना आधी जात ठरवायची आहे. हा बटमोगरा की मदनबाण, हे नक्की झाल्याशिवाय ते कात्री लावणार नाहीत. नावांचा घोळ थोरामोठ्यांनीही घातलेला आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ मध्ये मोगऱ्याला पारिजातकाच्या वंशात बसवलं होतं, त्याला जाईजुईच्या वंशात आणलं एटन या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने, १७८९ मध्ये. तेवढी वर्षं मोगरा फुलायचा थांबला नव्हता. छाटा.

आणि छाटायचंच तर आत्ताच. संक्रांत झाली. गेले दोन आठवडे पाणी तोडायला सांगितलं होतं, किती जणांनी तोडलं? चार हात वर झाले, त्यातला एक अर्धा. ताण बसला की झाड थांबतं. मग वाळक्या काड्या, एकमेकींत घुसलेल्या फांद्या, पेन्सिलीहून बारीक काटकुळे शेंडे काढायचे. उरलेल्या फांद्या जमिनीपासून फूट-दीड फुटावर, डोळ्याच्या जरा वर, तिरक्या कापायच्या. राहिलेली पानं हाताने ओरबाडायची. वरची दोन बोटं माती सैल करून शेणखत द्यायचं आणि पाणी पुन्हा सुरू. नव्या फुटव्याच्या शेंड्यावर कळ्या येतात, बहुधा तीन-तीन. जुन्या लाकडावर येत नाहीत. म्हणजे फुटवा जेवढा जास्त तेवढी फुलं. पहिला बहर झाला की फुललेले शेंडे पुन्हा खुडायचे, दुसरा बहर येतो.

हे माहीत असूनही तुमचा हात धजत नाही. ‘बाई, एवढं वाढलंय, कापायचं?’ वाढलंय म्हणजे काय? उंच झालंय. खाली चार काड्या, वर दोन हात लांब लोंबणारे शेंडे आणि टोकाला दीड फूल.

उसवायलाही तुमचा हात असाच धजत नाही. बारा ओळींखाली वेणीचा पीळ उलटा पडलाय, लांबून दिसतो, पण ‘आता कोणाला दिसणार आहे?’ तुम्हाला दिसला ना? मग झालं. पण प्रत्येक चुकीला सगळं उसवावं लागतं असंही नाही, आणि इथे तुमची पुन्हा गफलत होते. एखाद्या ठिकाणी सुलटच्या जागी उलट टाका पडला असेल, तर तेवढाच एक टाका सुईवरून सोडून त्या जागेपर्यंत खाली उतरू द्यायचा आणि क्रोशाच्या सुईने पायरी-पायरी वर आणायचा. शेजारचा एक धागाही हलत नाही. पीळ उलटा पडला असेल तर तेवढे सहा-आठ टाके उतरवूनही जमतं, वेळ लागतो. मुंढ्याची घट चुकली असेल तर मात्र रडत बसू नका, उसवा. उसवलेल्या लोकरीच्या वळ्या पडतात म्हणून ती तशीच परत विणायची नाही. लड करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, धुवायची आणि टांगून वाळवायची, सरळ होते. कुठली फांदी कापायची आणि कुठली ठेवायची, हेही झाडासमोर उभं राहूनच ठरतं. सरसकट काही नसतं.

आणि ती इस्त्री! सुलट ओळ, उलट ओळ असं विणलेलं कापड कडांनी वळतंच. बाजूच्या कडा मागे वळतात, वरखालच्या पुढे. त्या विणीचा तो स्वभाव आहे, म्हणून कडेला दोन्ही बाजूंनी सुलट विणलेली पट्टी ठेवा असं सांगितलं होतं. ठेवली नाहीत. मग वळलेली कड सरळ करायला अॅक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवलीत. अॅक्रिलिक उष्णतेने मरतं, एकदा लुळं पडलं की पुन्हा उभारी धरत नाही. खरी लोकर असती तर ओल्या कापडाखाली वाफ देऊन सावरता आली असती. पुन्हा तिलाही गरम पाण्यात साबण लावून चोळली की ती आटून जाड घट्ट होते. लेबल वाचा. लेबल मराठीत नसेल तर सुनेला विचारा. इतकं बारीक कसं वाचायचं म्हणाल तर चष्मा घ्या.

‘पण बाई, आम्ही मन शांत व्हावं म्हणून येतो.’ हे कोण म्हणालं? मन शांत करायचं असेल तर पलीकडच्या गल्लीत ध्यानाचा वर्ग आहे, फी माझ्यापेक्षा कमी आहे. विणकामाने मन शांत होतं, मला माहीत आहे, पण ते कामात लक्ष घातल्यावर होतं. तुमचं लक्ष मालिकेत, हात सुईवर. ‘बघितल्याशिवाय विणता येतं की आम्हाला’ असं मला सांगू नका. मंडईबाहेर गजरे करणाऱ्या बायका बघा. गिऱ्हाइकाशी भाव करताना, पोराला दटावताना बोटं चालू असतात; दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, दोऱ्याचा फास, पुढे. न बघता करतात असं वाटतं. एखादी कळी दबलेली निघाली की त्यांचं बोट थांबतं आणि कळी बाजूला पडते. तिच्या बोटाला कळतं. तुमच्या बोटाला टाका गळलेला तीन ओळींनंतरही कळत नाही, आणि तुम्ही तिची बरोबरी सांगता.

कळ्यांवरून आठवलं. उन्हाळ्यात कळ्या जांभळट, गुलाबीसर दिसायला लागल्या आणि एकमेकींना चिकटल्या, तर तो रंग कौतुकाने फोटो काढून मला पाठवायचा नाही. आत कळी पोखरणारी अळी असते. त्या कळ्या तोडून नष्ट करायच्या, कुंडीतच टाकायच्या नाहीत.

सगळ्यात शेवटी ज्याच्यासाठी मी आज तुम्हाला बसवलं तो विषय. या महिन्यात तिघींच्या घरी बारसं आहे. बाळंतविड्यात टोपडं, कुंची, झबलं, मोजे, दुपटं द्यायचं, सगळं हाताने विणलेलं. फार चांगलं. गेल्या वेळी एकीने टोपड्याऐवजी गळाबंद स्वेटर केला आणि गळ्याचे टाके इतके आवळून बंद केले की बाळाच्या डोक्यातून उतरेना. नवजात बाळाच्या डोक्याचा घेरच ३४-३५ सेंटिमीटर असतो. अंगाच्या मानाने डोकं मोठं. गळ्याचे टाके जाड सुईने, सैल बंद करायचे, नाहीतर खांद्यावर बटणपट्टी ठेवायची. तो स्वेटर निदान कोणाच्या अंगावर चढला नाही, म्हणून मी तेव्हा फक्त ओरडले.

मोज्यांचं तसं नाही. काल मी तुमच्या पिशव्या उघडून बघितल्या. हो, न विचारता. हातमोज्यांची बाहेरची बाजू सुरेख, डाळिंबी रंग, रिबीन, छोटा गोंडा. आतून उलटे केले तर रंग बदलताना सोडलेले धागे लोंबताहेत, दोन-दोन इंच. शेंडे आत खोवलेले नाहीत, टोकाची शिवण सैल. ‘आतलं कोणाला दिसतंय?’ बाळाला दिसत नाही, बोलताही येत नाही. त्या लोंबत्या धाग्याचा फेरा त्याच्या बोटाभोवती बसतो, बाळ हात हलवतं, फेरा आवळतो, रक्त पुढे जायचं थांबतं. वरून मोजा घातलेला, त्यामुळे आईला बोट सुजलेलं दिसत नाही. बाळ रडतं, सगळे म्हणतात पोट दुखतंय. डॉक्टरांना हे माहीत असतं, म्हणून कारण नसताना रडणाऱ्या तान्ह्या बाळाचं ते एकेक बोट उघडून बघतात. विणकामात जाळी हौसेने घातलीत तरी तेच. भोकात बोट अडकेल एवढी जाळी तान्ह्याच्या कपड्याला नको. आणि टोपड्याच्या बंदाला गळ्याभोवती फिरेल इतकी लांबी नको.

माझ्या वर्गातून आतून न बघितलेला मोजा कोणाच्याही बारशाला जाणार नाही. कितीही सुंदर असू दे, कितीही जागरणं केलेली असू देत, बारसं उद्या असू दे. वेळ कमी असेल तर गोंडा नका करू, रिबीन नका लावू. बाळाला गोंड्याचं कौतुक नाही, आत्याला आहे.

आता बोथट टोकाची सुई घ्या, सगळे मोजे आणि टोपडी उलटी करून माझ्या टेबलावर ठेवा. प्रत्येक शेंडा विणीच्या मागून उलटसुलट निदान दोन इंच खोवलेला हवा. मी ओढून बघणार आहे.